टोपी, गाजर आणि कावळ्याचा पाय

आजचा भाग गारगोटीतून, आमच्या घराच्या माडीवरून. बाहेर पाऊस आहे आणि डोक्यावर पत्रा, त्यामुळे ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना मागे सतत लाह्या फुटल्यासारखा आवाज आला असेल. वाचणाऱ्यांची सुटका झाली.

आज एका खुणेबद्दल बोलायचंय. कीबोर्डवर शिफ्ट दाबून सहा दाबलं की येते ती. ^ ही. आमच्या शाळेत कॉम्प्युटरचे सर तिला 'टोपी' म्हणायचे. "दोनवर टोपी तीन" म्हणजे दोनचा तिसरा घात. गांधी टोपी बाजूनं बघितली की अशीच दिसते, त्यामुळे कुणाला काही अडचण नव्हती. मी बीटेक होईपर्यंत टोपीच म्हणत होतो.

मग पुण्यात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात एका कॉलवर आमचे सीनियर म्हणाले, "व्हर्जनच्या आधी कॅरट लाव." मला ऐकू आलं गाजर. मी म्यूटवर होतो म्हणून बरं. दोन मिनिटं मी स्क्रीनवर गाजराचं चित्र शोधत होतो. म्हटलं, असेल एखादा आयकॉन, या लोकांचं काय सांगता येतं!

इंग्रजीत या उच्चाराचे तीन शब्द आहेत. एक गाजर. तो शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. दुसरा सोन्याचा कॅरेट, कोल्हापूरच्या गुजरीत '२२ कॅरेट' म्हणतात तो. त्याचं मूळ अरबी 'किरात' आणि त्याच्याही मागे ग्रीक. कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगेतल्या बिया वजनाला वापरायचे, आपली गुंज होती तशी. आणि तिसरी ही आपली खूण. या तिसरीचं बाकी दोघांशी काहीही नातं नाही. आडनावबंधू, एवढंच.

मला वाटायचं, या तिसऱ्या शब्दाचा टोपीशी संबंध असणार. आकार टोपीचा, तेव्हा कुठल्यातरी जुन्या भाषेत 'कॅरेट' म्हणजे टोपी असेल. काही संबंध नाही. 'कॅरेट' हे लॅटिन क्रियापद आहे. 'कारेरे' म्हणजे नसणं, उणं असणं. त्याचं वर्तमानकाळातलं तृतीयपुरुषी एकवचनी रूप म्हणजे 'कारेत'. अर्थ, 'उणं आहे'. हे खुणेचं नाव कमी आणि तक्रार जास्त आहे. मजकूर तपासणारा माणूस ओळीत दोन शब्दांच्या मधे बोट ठेवून म्हणतोय, इथं काहीतरी राहिलंय बघ.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला. मुद्रितशोधकांकडे असे आणखी लॅटिन हुकूम आहेत. 'डेले' म्हणजे काढून टाक. 'स्टेट' म्हणजे राहू दे, चुकून खोडलं होतं. (महाराष्ट्र स्टेटवालं स्टेट नाही.) पण 'कॅरेट' मला त्यात सगळ्यात आवडतो, कारण बाकीचे हुकूम सोडतात आणि हा नुसता उणीव दाखवून गप्प बसतो.

आता एक गंमत. तुम्ही आत्ता व्हॉट्सॲप उघडा आणि टाइप करायच्या जागी बोट ठेवा. जी उभी रेघ लुकलुकते, तिलाही प्रोग्रामर 'कॅरेट'च म्हणतात. वेबपेज बनवणाऱ्यांना माहीत असेल, सीएसएसमध्ये तिचा रंग बदलायला 'कॅरेट-कलर' असा गुणधर्म आहे. लॅपटॉपवर काही ब्राउझरमध्ये एफ सात दाबलं की विचारतात, 'कॅरेट ब्राउझिंग' चालू करू का? म्हणजे तुम्ही कुणाला 'हाय' लिहायच्या आधी ती रेघ लॅटिनमध्ये म्हणत असते, इथं अजून काही नाही.

पण शिफ्ट-सहावर जी खूण आहे ना, ती मुळात ही नव्हेच. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या अक्षरांच्या त्या हजेरीपटात, खरी कॅरेट वेगळी नोंदवलेली आहे आणि ती ओळीच्या खाली बसते. कीबोर्डवरच्या आपल्या टोपीचं तिथलं अधिकृत नाव 'सर्कमफ्लेक्स ॲक्सेंट'. सर्कमफ्लेक्स म्हणजे 'वाकवलेला'. हाही शब्द लॅटिन, पण ग्रीक शब्दाचं भाषांतर म्हणून बनवलेला. जुन्या ग्रीकमध्ये काही स्वर म्हणताना आवाज आधी वर चढायचा आणि मग खाली यायचा. चढ दाखवायला एक तिरकी रेघ, उतार दाखवायला दुसरी, दोन्ही जोडल्या की झाली टोपी. या खुणांचं श्रेय परंपरेनं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख, बायझँटियमचे ॲरिस्टोफेनिस यांना देतात. काळ इसवी सनापूर्वी २०० च्या आसपास.

हे वाचताना मला पाणिनी आठवला. आपल्याकडे उदात्त म्हणजे वरचा सूर, अनुदात्त म्हणजे खालचा, आणि दोन्हींचा मेळ म्हणजे स्वरित. आकार तेवढा आपण टोपीचा केला नाही. ऋग्वेदाच्या पोथीत स्वरितावर साधी उभी रेघ असते.

फ्रेंच लोकांनी ही टोपी वेगळ्याच कामाला लावली. त्यांच्या भाषेत जुन्या काळी 'हॉस्पिटल', 'फॉरेस्ट' अशा शब्दांत जो 'स' होता, तो बोलण्यातून गळाला. लिहिताना मात्र तो चालूच राहिला होता. १७४० साली फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीनं असे मुके 'स' मोठ्या प्रमाणावर काढून टाकले आणि बऱ्याच ठिकाणी आधीच्या स्वरावर ही टोपी घातली. इंग्रजीनं 'फॉरेस्ट'मधला 'स' ठेवला, फ्रेंचमध्ये तो 'फोरे' झाला आणि 'ए'वर टोपी आली. इथं कुणीतरी होतं, आता नाही, असं सांगणारी. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेत काही ठिकाणची ही टोपी ऐच्छिक केली. २०१६ मध्ये ती सुधारणा शाळेच्या पुस्तकांत येणार म्हटल्यावर फ्रेंच लोक सोशल मीडियावर हॅशटॅग घेऊन उतरले. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून होतं तसंच.

म्हणजे बघा, दोन खुणा, दोन वेगळी कुळं, आणि दोघींच्या पोटात उणीवच. हा योगायोग आहे, यात मी काही गूढ शोधत नाही.

मग ती कीबोर्डवर आली कशी? १९६३ साली ॲस्की नावाची पहिली संकेतयादी ठरली, तेव्हा त्या जागेवर टोपी नव्हतीच. वर जाणारा बाण होता. १९६४ ची बेसिक भाषा घात लिहायला तोच बाण वापरायची. दोन, वर बाण, तीन. १९६७ च्या सुधारित ॲस्कीत बाण गेला आणि त्याच जागी, ९४ क्रमांकावर, सर्कमफ्लेक्स आला. अक्षर छापायचं, एक घर मागे यायचं, वर टोपी छापायची, अशी सोय. बाणाचा दांडा गेला आणि टोक राहिलं. लोक त्या टोकानंच घात लिहीत राहिले. तुम्ही एक्सेलमध्ये आजही लिहिता ते हेच.

इथं माझी एक चूक कबूल करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला चक्रवाढ व्याजाचं एक छोटं काम दिलं होतं. मी एक्सेलमध्ये करून बघितलं. १.०८ टोपी ५, उत्तर १.४६९ च्या आसपास, म्हणजे आठ टक्क्यांनी लाखाचे पाच वर्षांत साधारण १ लाख ४७ हजार. बरोबर. तेच सूत्र उचलून जावास्क्रिप्टमध्ये टाकलं. उत्तर आलं ४. लाखाचे चार लाख! टेस्टिंगवाल्या मॅडमनी स्क्रीनशॉट पाठवून खाली एवढंच लिहिलं, 'ही बँक कुठं आहे? मला खातं काढायचंय.'

झालं असं होतं की सी भाषेत डेनिस रिची यांनी ही टोपी घातासाठी ठेवली नाही. तिथं ती 'एक्सॉर'साठी आहे, आणि जावास्क्रिप्टनं सी-जावाच्या घरातलीच रीत उचलली. एक्सॉर म्हणजे दोन बिट घ्यायचे, त्यातला नेमका एकच चालू असेल तर उत्तर एक, दोन्ही सारखे असतील तर शून्य. १.०८ चा अपूर्णांक तिनं फेकून दिला. उरला एक. एक म्हणजे ००१, पाच म्हणजे १०१. शेवटचा एक-एक सारखा म्हणून गेला, उरलं १००, म्हणजे चार.

पण याच एक्सॉरचा एक प्रश्न मुलाखतीत हमखास विचारतात. एक ते शंभर आकडे आहेत, त्यातला एक हरवलाय, तो शोध. उत्तर असं : एक ते शंभर सगळ्यांचं एक्सॉर करायचं आणि त्यातच हातातल्या नव्व्याण्णवांचं एक्सॉर मिसळायचं. जो आकडा दोन्हीकडे आहे तो स्वतःशीच भिडून शून्य होतो. सगळे जोडीनं निघून जातात आणि जो नाही तेवढा समोर उभा राहतो. 'उणं आहे' नावाची खूण हरवलेला आकडा शोधून देते. रिचींच्या मनात असलं काही नसणार, पण मला हे कळलं त्या दिवशी मी हॉस्टेलच्या खोलीत एकटाच हसलो होतो.

बरं, हे सगळं लॅटिन-ग्रीक झालं. या भागाची तयारी करताना मला प्रश्न पडला, आपल्याकडं या खुणेला काय म्हणतात? 'टोपी' तर सरांनी केलेली सोय. लिहिताना शब्द राहणं काही युरोपात शोधलं गेलं नाही. आपल्या पोथ्या शेकडो वर्षं हातानं उतरवल्या गेल्या. पुण्यात भांडारकर संस्थेत अशा हजारो पोथ्या आहेत. कागद महाग, खोडरबर नाही. जास्तीचं काही लिहिलं गेलं तर त्यावर हरताळ, म्हणजे ते पिवळं खनिज, फासायचे. 'आश्वासनाला हरताळ फासला' म्हणतो ना आपण, ते इथून. ती त्या काळची डिलीट की. आणि काही राहिलं असेल तर ओळीवर एक छोटी खूण करून राहिलेली अक्षरं वर किंवा समासात लिहायचे.

त्या खुणेला आपल्याकडं नाव आहे. काकपद. कावळ्याचा पाय. हंसपद असंही म्हणतात, पण मला कावळाच पटतो, कारण चिखलातून कावळा चालून गेला की अशीच नक्षी उठते. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात काकपदाच्या अर्थांत पोथीत काही राहिल्याची खूण हा अर्थ चक्क दिलेला आहे.

यातून एक भानगड मात्र होते. समासात लिहिलेलं काही मूळ लेखकाचं असतं, काही वाचणाऱ्यानं आपल्या मनचं टाचण म्हणून लिहिलेलं असतं. पुढं पोथी उतरवणारा दोन्ही उचलून सरळ ओळीत बसवतो, आणि मग शे-दोनशे वर्षांनी अभ्यासकांनी डोकं धरून बसायचं, की यातलं मूळचं कुठलं आणि नंतर घुसलेलं कुठलं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, १९१९ ते १९६६, त्या कामाचा मोठा भाग याच प्रश्नात गेला.

'काकपद' हा शब्द कोशात वाचला आणि मी खुर्चीतून उठलो. कारण तो मी आधी पाहिला होता. आमच्याच घरी.

इथून पुढचं आत्तीला विचारून सांगतोय. नावं घेणार नाही.

माझे आबा, म्हणजे आजोबा, विकास सोसायटीचे सेक्रेटरी होते. आयुष्यभर खतावण्या लिहिल्या. त्यांनी जाताना एक मृत्युपत्र ठेवलं, घरीच लिहिलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन. त्यात वेदगंगेकाठचं रान, जे त्यांनी स्वतः विकत घेतलेलं, ते कुणाला द्यायचं ती ओळ आहे. 'माझे दोन मुलगे' आणि पुढं 'यांस समान'. आणि त्या दोन्हींच्या मधे टोपी, आणि टोपीच्या वर बारीक अक्षरात 'व मुलगी'.

आमचे थोरले चुलते, तात्या, पहिल्यापासून म्हणत होते, हे नंतर कुणीतरी घुसडलंय. कुणी, ते बोलायचे नाहीत, पण आत्ती समोर असली की जरा मोठ्यानं म्हणायचे. माझे वडील मधल्या मधे. शेवटी ठरलं की आत्तीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, म्हणजे विषय मिटला. आमच्याकडं बहिणी सही करतात. माहेर तुटायला नको म्हणून करतात. आत्तीपण तयार झाली होती. या गणपतीला आली की तालुक्याला जाऊन करायचं, असं बोलणं झालेलं.

ज्या वकिलांना दाखवलं होतं त्यांनी कायदा नीट सांगितला होता. इंडियन सक्सेशन ॲक्ट, १९२५, कलम ७१. मृत्युपत्रावर सह्या झाल्यावर ओळींच्या मधे काही वाढवलं तर ते धरत नाहीत. धरायचं असेल तर त्या दुरुस्तीजवळ, किंवा शेवटी त्या दुरुस्तीचा उल्लेख करून, लिहिणाऱ्याची आणि साक्षीदारांची पुन्हा सही हवी. 'व मुलगी'च्या जवळ समासात सही नव्हती. शेवटी एक ओळ होती, सह्यांसकट, पण ती कुणाला लागत नव्हती. 'ओ. ११ काकपद श. २ ब.'

वकिलांकडं पहिल्या पानाचीच झेरॉक्स नेली होती. दुसरं पान घरात, आणि घरच्यांनी त्या ओळीचा अर्थ आपापल्या परीनं लावलेला. काक म्हणजे कावळा, अकरा म्हणजे अकरावा दिवस. आबा देवभोळे. तेव्हा दहाव्याला कावळा शिवला नाही तर अकराव्याला परत पिंड ठेवा, असं काहीतरी लिहून ठेवलं असणार! आणि खरं सांगतो, दहाव्याला घाटावर कावळा लवकर शिवला नव्हता. तासभर सगळे पावसात उभे होते. तात्या हात जोडून म्हणत होते, "आबा, सगळं नीट बघतो, काळजी करू नका." त्यामुळं तो अर्थ सगळ्यांना पटलाही होता.

मी फोनमध्ये फोटो काढला, मोठा केला आणि ओळी मोजल्या. वरून अकरावी ओळ. 'व मुलगी', शब्द दोन. ओ. म्हणजे ओळ. श. म्हणजे शब्द. ब. म्हणजे बरोबर. सोसायटीच्या खतावणीत दुरुस्ती केली की शेवटी नोंद करून सही ठोकायची, तसं. खाली आबांची सही आणि त्याच दोन साक्षीदारांच्या सह्या, त्याच निळ्या शाईत.

वकिलांना दोन्ही पानं पाठवली. त्यांचा फोन आला की ही नोंद महत्त्वाची आहे, आणि दोघांपैकी एक साक्षीदार अजून हयात आहेत, तर त्यांना भेटू. हक्कसोडपत्राचं बोलणं थांबलं. तात्या माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मृत्युपत्राचं मूळ दुसरं पान मागून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्याजवळ नेला आणि बोट ठेवून ओळी मोजल्या. दोनदा मोजल्या. मग पान घडी घालून कपाटात ठेवलं. बोलले काहीच नाहीत.

आत्तीला मी फोनवर सगळं सांगितलं. लॅटिन सांगितलं, कावळ्याचा पाय सांगितला, ओळ अकरा सांगितली. ती ऐकत होती. मला वाटलं, रडेल. किंवा हसेल. ती म्हणाली, "व्हय रं. पण ती खूण कवा करत्यात म्हनालास?"

मी म्हणालो, "आत्ती, लिहिताना काही राहिलं की."

"म्हंजे पयलं लिवताना मला इसरला हुता न्हवं?"

पाऊस वाढलाय, आवाज फार येतोय, आज इथंच थांबतो. आत्ती गणपतीला येणार आहे.